'द सिम्स ४'मध्ये ऑकल्ट घराणं सुरू करायचंय? मग या क्रमाने जा

व्हॅम्पायर आजी, तिचा माणूस जावई आणि रात्री-अपरात्री नळ मोडून ठेवणारं आजोबांचं भूत. 'द सिम्स ४' हा 'सिम' नावाच्या आभासी माणसांचा संसार चालवायचा खेळ. त्याचे ऑकल्ट, म्हणजे अमानवी जातींचे पॅक (विकतचे जोडभाग) घेताना असलं काहीतरी प्रत्येकाच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात तिसऱ्याच दिवशी घरातल्या सगळ्यांकडे सगळ्या शक्ती आलेल्या असतात, कुणाचं काही अडत नाही आणि सेव्ह (साठवलेला खेळ) तसाच पडून राहतो. नवे खेळाडू मला विचारतात तेव्हा दहातल्या आठांची रड हीच असते.

शक्ती कशी मिळवायची हे कुठेही सापडेल. त्या शक्तीचा भुर्दंड घरात कोण भरतंय, हे मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं आणि गोष्ट तिथूनच सुरू होते. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये मी शक्तींपेक्षा अडचणींवर जास्त बोलणार आहे. घाई असेल तर पायरी १ आणि ५ वाचा. बाकीचं अडलं की बघता येईल.

आधी हाताशी काय हवं

- मूळ खेळ. १८ ऑक्टोबर २०२२ पासून तो फुकट आहे. एखादी वेबसाइट त्याचे पैसे मागत असेल तर तिथून लगेच बाहेर पडा.
- एक ऑकल्ट पॅक. पुन्हा सांगते, एक. सेल वरचेवर लागतात, बाकीचे पॅक कुठे पळून जात नाहीत. अजून काहीच घ्यायचं नसेल तरी हरकत नाही. भुतं मूळ खेळातच मिळतात, त्यांच्यावरही घराणं चालतं.
- कोरा सेव्ह. जुन्या सेव्हमधल्या आवडत्या कुटुंबावर हा प्रयोग करू नका.
- वही किंवा फोनमधली नोट. खेळातला वंशवृक्ष नाती दाखवतो. कोण कुणावर का रुसलंय, कुणाला कुणाचं गुपित कळलंय, हे तो लक्षात ठेवत नाही.

मॉड्स, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले फेरफार, या यादीत मुद्दाम घातलेले नाहीत. त्यांच्यावर शेवटी बोलू.

पायरी १ : एकच जात निवडा

नवखे लोक इथेच घसरतात. आई व्हॅम्पायर, बाप वेअरवुल्फ, शेजारी जादूगार, असा सगळा बाजार एकदम मांडतात. प्रत्येक जातीच्या गरजा वेगळ्या, मीटर वेगळं, शक्तींचं पान वेगळं. पहिले काही तास मग नुसती पानं उलटण्यात जातात. शिवाय खेळाची रचना एका सिमला एकच जात या हिशेबाने केलेली आहे. संकर हवा असेल तर मॉडची मदत लागते आणि त्याबरोबर बग येतात. पहिल्या घराण्यात ती कटकट नको.

कुठली जात निवडायची, ते तुम्हाला घरात कुठल्या प्रकारचा ताण हवाय त्यावर ठरवा.

व्हॅम्पायर. हा पॅक जानेवारी २०१७ मध्ये आला आणि कौटुंबिक गोष्टीसाठी मला आजही तोच सगळ्यात उजवा वाटतो. कारण त्याची अडचण रोजची आहे. भुकेच्या जागी तहान येते, झोपेच्या जागी व्हॅम्पायरची वेगळी ऊर्जा येते आणि दिवसा अंगणात पाऊल टाकलं की चटके बसतात. उन्हात जास्त वेळ राहिलं तर सिम मरतो. मोठा झाल्यावर व्हॅम्पायरचं वय थांबतं, म्हणजे नवरा म्हातारा होणार आणि बायको आहे तशीच राहणार. एवढ्या एका गोष्टीवर दोन पिढ्या चालतात. पॅकबरोबर फरगॉटन हॉलो हे पाच लॉटचं (भूखंडांचं) छोटं गाव मिळतं. तिथे रात्र मोठी असते आणि व्लाडिस्लॉस स्ट्रॉड नावाचे सरदार राहतात. हे गृहस्थ आमंत्रण नसताना रात्री तुमच्या घरी उगवतात. कॅलेब आणि लिलिथ वाटोरे ही भावंडंही तिथलीच. त्यातला कॅलेब सज्जन आहे, नव्याने व्हॅम्पायर झालेल्या सिमला मार्गदर्शक म्हणून चांगला शोभतो.

स्पेलकास्टर. 'रिअल्म ऑफ मॅजिक' सप्टेंबर २०१९ चा. इथे गरजा माणसासारख्याच राहतात, म्हणून खेळायला सगळ्यात सोपी जात हीच आणि त्यामुळेच गोष्ट लवकर पचपचीत होण्याचा धोकाही इथेच जास्त. ग्लिमरब्रुकमध्ये धबधब्याजवळच्या दारातून जादूच्या जगात जायचं, तिथे तीन सेज (जादूचे गुरू) असतात : व्यवहारी जादूचे सिमिऑन सिल्व्हरस्वेटर, खोडसाळ जादूच्या एल. फाबा आणि बेलगाम जादूचे मॉर्गिन एम्बर. कुणाही एकाला जादू शिकवण्याची गळ घातली की हवेत तरंगणारे सात कण वेचून आणायला सांगतात. ते आणून दिले की दीक्षा मिळते. अडचण म्हणाल तर मंत्र म्हणत राहिलं की अंगात चार्ज साठतो आणि तो हाताबाहेर गेला तर जीव जातो. घराण्याच्या दृष्टीने खरी मजा रक्तवारशात आहे : जादूचं रक्त पिढीगणिक दाट होत जातं, तिसऱ्या पिढीच्या नातीला जे सहज जमतं त्यासाठी आजीने घाम गाळलेला असतो. आजी-नात भांडणाला आणखी काय लागतं?

वेअरवुल्फ. जून २०२२ चा पॅक. इथे सगळं फ्युरी मीटरभोवती फिरतं. राग साठत जातो आणि मीटर भरलं की रूप पालटतं, मग त्या सिमवर तुमचा ताबा राहत नाही. मूनवुड मिलमध्ये दोन टोळ्या आहेत, शिस्तीची मूनवुड कलेक्टिव्ह आणि मोकाट वाइल्डफँग्ज. बाप एका टोळीत आणि लेक दुसरीत, एवढं केलं तरी जेवणाच्या टेबलावर पुरेशी आग लागते. जंगलात ग्रेग नावाचा एकांडा लांडगा फिरतो, त्याच्या वाटेला पहिल्या आठवड्यात जाऊ नका. चंद्राच्या कलांचा परिणाम सिम्सवर होतो. तो नको असेल तर सेटिंग्जमध्ये बंद करता येतो, पण मग वेअरवुल्फ घेतलाच कशाला?

बाकीच्यांचं थोडक्यात. मर्मेड 'आयलंड लिव्हिंग'मध्ये आहेत. दिसायला सुंदर, पण पाणी जवळ असलं की त्यांचं काही अडतच नाही. एलियन 'गेट टू वर्क'मध्ये. ते माणसाच्या वेशात वावरतात, म्हणून 'घरात कुणालाच माहीत नाही' छापाच्या गोष्टीला एकदम फिट. जुलै २०२५ च्या 'एन्चांटेड बाय नेचर'ने पऱ्या आणल्या, त्यांचं पोषण भावनांवर होतं. भुतांसाठी खाली वेगळी पायरी ठेवली आहे.

ठरत नसेल तर व्हॅम्पायर घ्या. पुढची उदाहरणंही मी त्याचीच देणार आहे.

पायरी २ : सेव्ह आणि सेटिंग्ज

सिम बनवायच्या आधी हे उरका. नंतर लक्षात येतं तेव्हा शेजारची निम्मी माणसं म्हातारी झालेली असतात.

आयुर्मान 'लाँग' ठेवा. साध्या वेगात खेळातला एक तास म्हणजे आपलं एक मिनिट, म्हणजे अख्खा दिवस २४ मिनिटांत संपतो. 'शॉर्ट'वर व्हॅम्पायरची पहिली पायरी चढेपर्यंत नवऱ्याचे केस पांढरे होतात. वाढत्या वयाचा पर्याय फक्त चालू कुटुंबापुरता ठेवता येतो, सुरुवातीला तसाच ठेवा.

'नेबरहूड स्टोरीज'कडे एकदा डोळसपणे बघा. तुम्ही खेळत नसलेली कुटुंबं या सोयीमुळे आपोआप नोकऱ्या बदलतात, मुलं दत्तक घेतात, घरं बदलतात. ज्या दोन-तीन कुटुंबांवर तुमची गोष्ट उभी राहणार आहे त्यांच्यापुरतं हे बंद करा. उदाहरणार्थ वाटोरे. बाकी गावाला जगू द्या, त्याने रंगत येते.

आणि सेव्ह करताना नेहमी 'सेव्ह अॅज'. एकाच नावावर सतत सेव्ह केलं आणि एखादा बग आत शिरला की मागे जायची वाट उरत नाही. मी प्रत्येक लग्न, जन्म आणि मृत्यूच्या आधी नव्या नावाने सेव्ह करते. कम्प्युटरवर खेळत असाल तर सिम्सच्या फोल्डरमधल्या 'सेव्ह्ज' फोल्डरची प्रतही अधूनमधून दुसरीकडे ठेवा, विशेषतः खेळाचा नवा अपडेट यायच्या आधी.

पायरी ३ : मूळ सिम घडवा

सिम बनवायच्या स्क्रीनवर नवा सदस्य जोडायचं बटण दाबलं की तुमच्याकडे ज्या पॅकची जात असेल तिचा पर्याय दिसतो. नेहमीचा सिम बनवून नंतर त्याला व्हॅम्पायर करायची वाट मोकळी आहेच. गोष्टीसाठी कुठली बरी?

इथे माझं मत ठाम आहे. मूळ व्यक्ती माणूस म्हणून सुरू करा आणि खेळता खेळता पालटा. एखाद्या व्हॅम्पायरशी ओळख वाढवायची, विश्वास बसला की पालटायला सांगायचं. रूप लगेच पालटत नाही, मधले दिवस सिमला काहीतरी विचित्र वाटत राहतं आणि घरच्यांना पत्ता नसतो. तयार व्हॅम्पायर घेऊन सुरुवात केली तर हा सगळा भाग हातचा जातो.

तयारच घ्यायचा असेल तर दोन रूपं स्वतंत्रपणे सजवता येतात, दिवसाचं आणि काळोखातलं. नवे लोक काळोखातल्या रूपावर तासभर घालवतात. खेळात जास्त वेळ दिसतं दिवसाचं रूप. मेहनत तिथे करा.

मोठ्या सिमला तीन स्वभावगुण मिळतात. त्यातला निदान एक तरी जातीच्या उलट जाणारा असू द्या. कुटुंबवत्सल व्हॅम्पायर, टापटिपीचा वेअरवुल्फ, एकलकोंडी जादूगारीण. तिन्ही गुण 'दुष्ट, उदास, तापट' असे घेतले तर पात्र पहिल्या दिवशीच सांगून संपतं. अॅस्पिरेशनमध्ये (सिमच्या आयुष्याच्या ध्येयात) व्हॅम्पायर पॅक तीन वाटा देतो : चांगला व्हॅम्पायर, मास्टर व्हॅम्पायर आणि व्हॅम्पायर फॅमिली. घराण्याच्या नादात सगळे तिसरी उचलतात. 'चांगला व्हॅम्पायर' घेऊन बघा. माणसांच्या संमतीशिवाय रक्त प्यायचं नाही हे बंधन आलं की घरातल्या प्रत्येक माणसाशी नातं टिकवणं भाग पडतं.

पायरी ४ : घर आणि घरातला साधा माणूस

कुटुंबात किमान एक जण माणूस हवाच आणि त्याला घरात काम हवं. एका कुटुंबात जास्तीत जास्त आठ सिम मावतात. सुरुवातीला तीन पुरेत : ऑकल्ट, त्याचा जोडीदार आणि एखादा म्हातारा नातेवाईक किंवा भावंड. म्हातारा माणूस मी आग्रहाने घ्यायला लावते. तो लवकर जातो, गेल्यावर भूत होतो आणि पुढचा भाग आपोआप तयार होतो.

घर बांधताना शवपेटी आधी मांडू नका, आधी दार-अंगणाचा विचार करा. घराच्या आत व्हॅम्पायर सुरक्षित असतो, त्याला ऊन लागतं ते बाहेर. टपालपेटी, कचरापेटी, बाग, बार्बेक्यू, हे सगळं बाहेर असतं आणि तुम्ही लक्ष दिलं नाही की सिम आपल्या मनाने तिकडे चालू लागतो. छप्पर असलेला व्हरांडा काढा. बागकाम माणसाकडे सोपवा. लसणाच्या माळा लावल्या तर बाहेरचे व्हॅम्पायर दूर राहतात, पण तुमच्या घरातल्यालाही त्यांचा त्रास होतो. कोणत्या दारावर माळ लावायची यावरून नवरा-बायकोत जुंपली तर ती गोष्ट आपसूक मिळालीच.

पैशांची ओढाताण सुरुवातीला राहू द्या. आलिशान हवेलीत राहणाऱ्या व्हॅम्पायरला कशाचीच निकड नसते.

पायरी ५ : पहिला आठवडा, तासातासाने

समजा, आई नुकतीच व्हॅम्पायर झाली आहे, वडील माणूस आहेत आणि घरात एक चालता-बोलता टॉडलर आहे. वडील नऊ वाजता कामावर निघाले. आई शवपेटीत. पोराला साडेदहाला भूक लागते. आता आईला उठवायचं तर तिची ऊर्जा अर्धीच भरलेली, न उठवावं तर पोराची भूक लाल रंगात. इथे फास्ट फॉरवर्डवर बोट ठेवून बसलात तर समाजकल्याणवाले येऊन मूल घेऊन जातात. खेळ आधी इशारा देतो, पण वेग तिप्पट असताना तो इशारा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आईला उठवलं, तिने पोराला खाऊ घातलं. पोर खेळायला अंगणात पळालं. तुम्ही 'उचलून घे' म्हणालात आणि दुसरीकडे बघायला गेलात. आई भर उन्हात. धूर निघायला लागतो, मूडलेट (सिमची मनःस्थिती दाखवणारी खूण) लाल होतो. अशा वेळी रांगेतली सगळी कामं रद्द करा आणि तिला थेट घरातल्या एखाद्या खोलीत जायला सांगा. दाराच्या उंबऱ्याशी नको, तिथून ती परत बाहेर वळू शकते.

संध्याकाळी वडील दमून आले. आईची तहान वाढलेली. विचारून रक्त प्यायचा पर्याय आहे, वडील हो म्हणतात, पण नंतर ते इतके गळून जातात की स्वयंपाक करायला कुणी उरत नाही. रोज रोज हे चालणार नाही. मग पर्याय शोधायचे : फरगॉटन हॉलोमध्ये प्लाझ्मा फ्रूटची झाडं आहेत, फळ आणून बागेत लावता येतं. व्हॅम्पायरांचा अभ्यास वाढला की मासे आणि बेडकांपासून प्लाझ्मा पॅक करता येतात. म्हणजे आता आईला रात्री तळ्यावर मासे पकडायला जायचंय आणि पोराला रात्री कुणीतरी सांभाळायचंय.

बघा, अजून एकही शक्ती वापरलेली नाही आणि दिवसभर पुरेल इतकं घडलं. पहिला आठवडा असाच जाऊ द्या. शक्तींचे गुण जमा होत राहतील, ते लगेच उधळू नका.

वर चढताना व्हॅम्पायरला शक्तींबरोबर दुबळेपणाही निवडावे लागतात. सगळे जण सगळ्यात कमी त्रासाचा दुबळेपणा घेतात. तुम्ही घरात जाणवेल असा घ्या. 'विदर्ड स्टमक' घेतला की माणसांचं जेवण पोटात टिकत नाही. म्हणजे सणाच्या पंगतीला, मुलाच्या वाढदिवसाच्या केकपाशी, सासरच्यांसमोर काय करायचं? 'गिल्टी ड्रिंकर' घेतला की कुणाचं रक्त प्यायल्यावर तिला वाईट वाटतं आणि दुसऱ्या दिवशीचं सगळं काम त्या उदासीत जातं. हे दोन माझे आवडते. दिसायला भयंकर असलेल्या दुबळेपणांपेक्षा यातून कितीतरी जास्त निघतं.

नोकरी संध्याकाळी सुरू होणारी बघा किंवा घरून करायचं फ्रीलान्स काम घ्या. चित्रं रंगवून विकणं रात्रीही चालतं.

पायरी ६ : तीन नियम लिहून काढा

पहिला आठवडा संपला की वही उघडा. घराण्याचे तीन नियम लिहा, चौथा नको. खेळ तुम्हाला अडवत नाही, म्हणून स्वतःला अडवायची सोय करून ठेवायची. माझ्या एका चालू घराण्याचे नियम असे : लग्न माणसाशीच, कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध पालटायचं नाही, प्रत्येक पिढीत एकाने औषध घेऊन परत माणूस व्हायचं.

तिसऱ्या नियमामुळे व्हॅम्पायर घराण्यातला सगळ्यात मोठा पेच सुटतो. वय थांबत असल्यामुळे काही पिढ्यांनी आजी, आई आणि नात तिघीही एकाच वयाच्या दिसू लागतात, घर भरून जातं आणि पुढे काहीच सरकत नाही. परत माणूस व्हायचं औषध खेळात आहे, पण त्यासाठी व्हॅम्पायर लोअरचं (व्हॅम्पायरांच्या अभ्यासाचं) कौशल्य शेवटच्या, म्हणजे पंधराव्या पायरीपर्यंत न्यावं लागतं. घरातल्या माणूस जोडीदाराला पहिल्या दिवसापासून हा अभ्यास करायला बसवा. नवरा रात्र-रात्र पुस्तकं वाचतोय ते बायकोला समजून घेण्यासाठी की बरं करण्यासाठी, हे त्याने सांगितलेलं नाही. वाचत राहू द्या.

स्पेलकास्टरसाठी नियम वेगळा लागतो, कारण तिथे सगळंच सोपं होतं. घर झाडणं, स्वयंपाक, मोडलेला नळ, सगळं मंत्राने. 'मुलांसमोर जादू नाही' एवढा एक नियम केलात तरी बराच फरक पडतो. वेअरवुल्फला बहुधा नियमांची गरजच पडत नाही, फ्युरी मीटर पुरेसं असतं.

पायरी ७ : मुलं

मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न : 'बाळ व्हॅम्पायर झालं का ते कळत का नाही?' कारण लहानपणी ते माणसासारखंच वागतं. खातं, झोपतं, उन्हात खेळतं. जात उघडी पडते ती किशोरवयात. एक पालक माणूस असेल तर मूल कुठल्या बाजूला जाईल ते आधी सांगता येत नाही.

हा दोष समजून चीटने (खेळातल्या चोरवाटेच्या आज्ञेने) तपासायला जाऊ नका. तेरा-चौदा वर्षांचं पोर वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकेपर्यंत घरात कुणालाच ठाऊक नाही, याहून चांगली तयार गोष्ट खेळ दुसरीकडे कुठे देत नाही. त्या वाढदिवसाला दोन्हीकडचे नातेवाईक बोलवा.

आणि मूल माणूस निघालं तर? अनेक जण इथे निराश होऊन सेव्ह मागे नेतात. नका नेऊ. दोन भावंडांपैकी एक व्हॅम्पायर आणि एक माणूस, हा या खेळातला माझ्या मते सर्वांत कसदार प्रसंग. एकाचं वय थांबणार, दुसऱ्याचं नाही, आणि दोघांनाही ते कळायचं वय झालेलं आहे.

मार्च २०२३ पासून मूळ खेळात रांगती बाळं आली आहेत. त्याच वेळी आलेल्या 'ग्रोइंग टुगेदर' पॅकमध्ये घरातल्या दोघांमधल्या नात्याचा सूर ठरतो : जवळचं, ताणलेलं, दुरावलेलं. ऑकल्ट पॅकनंतर दुसरा पॅक घ्यायचा झाला तर दुसरी जात घेण्यापेक्षा हा घ्या.

पायरी ८ : कुणी गेलं की

मृत्यू झाला की थडगं किंवा अस्थिकलश उरतो. तो जपा. भूत त्याच्याशी बांधलेलं असतं. घर बदलताना कलश सदस्याच्या सामानात ठेवून न्या. आणि कलशावर क्लिक केल्यावर आत्म्याला नेदरवर्ल्डमध्ये मुक्त करण्याचा पर्याय दिसतो, त्यावर चुकूनही बोट पडू देऊ नका. तो आत्मा परत येत नाही. इथे 'सेव्ह अॅज'ची सवय कामाला येते.

भूत रात्री बाहेर येतं. त्याच्याशी बोला, मैत्री वाढवा, मग घरात राहायला यायचं विचारता येतं. हो म्हणालं की ते तुमच्या ताब्यात येतं, घरातल्या आठ जागांपैकी एक घेऊन.

परत जिवंत करायचं असेल तर अँब्रोशिया. पदार्थ गॉर्मे कुकिंगच्या दहाव्या पायरीला उघडतो, साहित्य तीन : एंजलफिश, यौवनाचं पोशन आणि डेथ फ्लॉवर. पोशन समाधानाचे गुण देऊन घेता येतं. डेथ फ्लॉवरसाठी बागेत कलमं करावी लागतात : सफरचंदावर चेरीचं कलम केलं की डाळिंब, लिलीवर स्नॅपड्रॅगनचं केलं की ऑर्किड, आणि डाळिंब-ऑर्किडच्या कलमातून डेथ फ्लॉवर. हे सगळं व्हायला खेळातले कितीतरी दिवस जातात, म्हणून घरातलं कुणी म्हातारं व्हायच्या आधीच बाग लावून ठेवा. एक फूल नेहमी सामानात असू द्या. सिम मरायला टेकला की दुसऱ्या सिमने ते फूल ग्रिम रीपरला, म्हणजे मृत्यूच्या दूताला, दिलं तर तो जीव सोडतो.

फूल असूनही ते वापरायचं की नाही, हे मी पात्रावर सोडते. माझी एक आजी खिशात फूल घेऊन फिरायची आणि ते जावयासाठी ठेवलेलं होतं.

मृत्यूवर आणखी काम करायचं असेल तर ऑक्टोबर २०२४ च्या 'लाइफ अँड डेथ'मध्ये मृत्युपत्रं, अंत्यविधी आणि वारसाहक्काने मिळणाऱ्या वस्तू आहेत. घराण्याच्या खेळात वारशाची वस्तू फार उपयोगी पडते. 'पॅरानॉर्मल स्टफ'मधलं झपाटलेलं घर मजेदार आहे, पण तिथली भुतं परकी असतात, तुमच्या घराण्याशी त्यांचं देणंघेणं नसतं.

पायरी ९ : चीट्स आणि मॉड्स

चीट्स वापरायला माझी ना नाही. कम्प्युटरवर कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबलं की पट्टी उघडते. 'मदरलोड' टाकलं की पन्नास हजार सिमोलियन जमा होतात. कन्सोलवर चीट्स चालू केलं की त्या सेव्हमध्ये ट्रॉफी मिळणं बंद होतं, तेवढं ध्यानात ठेवा. अडकलेला सिम सोडवायला, बगमुळे गेलेली गरज भरायला चीट जरूर वापरा. शक्ती मिळवायला मात्र पहिल्या पिढीत वापरू नका.

मॉड्स फक्त कम्प्युटरवर चालतात. पहिल्या पिढीनंतर, काय खटकतंय हे नेमकं कळल्यावर, एकेक करून घाला. दर अपडेटनंतर खेळ मॉड्स स्वतःहून बंद करतो. ते पुन्हा चालू करण्याआधी प्रत्येक मॉडची नवी आवृत्ती आली आहे का ते बघा. ऑकल्ट मॉड्स अपडेटनंतर सगळ्यात आधी मोडतात. शवपेटी दिसेनाशी झाली, शक्तींचं पान रिकामं आलं, असलं काही झालं की मॉड फोल्डरमधल्या निम्म्या फाइली बाहेर काढा, खेळ उघडा. बिघाड गेला तर दोषी बाहेर काढलेल्या निम्म्यात आहे, नाही गेला तर आत. पुन्हा निम्म्या करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरी खात्रीची रीत मला माहीत नाही.

राहिलं एक. कुटुंब लायब्ररीत साठवून नव्या सेव्हमध्ये न्यायचा मोह तिसऱ्या पिढीच्या आसपास सगळ्यांना होतो. त्यात कौशल्यं येतात, शक्ती येतात, एका घरात राहणाऱ्यांची आपसातली नाती येतात. वेगळ्या घरी राहणारा भाऊ, लग्न होऊन गेलेली लेक, शेजारची वैरीण मात्र मागेच राहतात. नवा सेव्ह हवाच असेल तर आधी सगळ्यांना 'मॅनेज हाउसहोल्ड्स'मधून एका घरात आणा, आठांत बसवा, मग साठवा. आठांत बसत नसतील तर आहे तिथेच खेळत राहा.